मिसिसिपी जॉन हर्ट: ॲव्हॅलॉनचा शेतमजूर आणि न थांबणारा अंगठा

खर्जतार
ब्लूजवरच्या (काळ्या अमेरिकन लोकांच्या गाण्याचा एक प्रकार) जुन्या धाग्यात जॉन हर्ट या अमेरिकेतल्या काळ्या गायक-गिटारवादकाचं नाव दोन-तीनदा येऊन गेलं, पण प्रत्येक वेळी "हरवलेला आणि सापडलेला म्हातारा" एवढ्यावरच गाडी थांबली. म्हणून हा स्वतंत्र धागा. माझं म्हणणं आधीच मांडतो: हर्ट कधी हरवला नव्हता. हरवल्या होत्या त्याच्या तबकड्या. तो आपल्या गावात होता, शेतात राबत होता आणि शनिवारी रात्री लोकांना नाचवायला गिटार वाजवत होता. त्याचं वादन कळायचं असेल तर ही शनिवारची रात्र आधी डोळ्यांसमोर आणावी लागते.

थोडक्यात आयुष्य. जन्म मिसिसिपी राज्यातल्या कॅरोल काउंटीत, टिओक इथे. वर्षाच्या नोंदी १८९२ आणि १८९३ अशा दोन्ही सापडतात. लहानपणीच कुटुंब जवळच्या ॲव्हॅलॉनला आलं. ग्रीनवुड आणि ग्रेनाडा या दोन गावांच्या मधली ही वस्ती. एका बाजूला डेल्टाची, म्हणजे मिसिसिपी नदीकाठची, सपाट कापसाची जमीन, दुसऱ्या बाजूला टेकड्या सुरू होतात. शाळेतल्या शिक्षिकेला भेटायला विल्यम कार्सन नावाचा गिटारवाला यायचा आणि हर्टच्या घरी मुक्काम करायचा. तो झोपला की पोरगा त्याची गिटार हळूच उचलायचा. पुढे आईने दीड डॉलरला एक जुनी गिटार घेऊन दिली. गुरू असा कोणी नाही. जे ऐकलं ते बोटांनी शोधून काढलं.

त्यानंतर शेती, गुरं राखणं, काही महिने रेल्वेच्या रुळांवर मजुरी. 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज' तिथल्याच एका मजुराकडून त्याच्या कानावर पडलं. १९२८ मध्ये ओके या तबकड्या काढणाऱ्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रण, मग पस्तीस वर्षं पुन्हा शेत. १९६३ मध्ये शोध लागला, तीन वर्षं मैफली झाल्या आणि २ नोव्हेंबर १९६६ ला ग्रेनाडात निधन.

तबकड्यांबद्दल आणि वादनाबद्दल जाणकारांनी भर घालावी.

तबकडी_७८
उत्तम सुरुवात. १९२८ चं जरा सविस्तर सांगतो, कारण त्यावर बरंच मोघम लिहिलं जातं.

ओकेपर्यंत हर्टचं नाव पोचवलं विली नार्मरने. नार्मर हा त्याच काउंटीतला गोरा फिडलवादक. त्याचा नेहमीचा गिटारवाला शेल स्मिथ नसला की हर्ट साथीला बसायचा. १९२८ च्या मिसिसिपीत काळा आणि गोरा वादक एका नाचाला शेजारी बसून वाजवतात, ही बाब लक्षात ठेवा. हर्टची गाणी एवढी निरनिराळी का, याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. ओकेचे टॉमी रॉकवेल नार्मरच्या निमित्ताने त्या भागात आले आणि नार्मरने त्यांना हर्टचं घर दाखवलं.

१४ फेब्रुवारी १९२८, मेम्फिस. आठ गाणी मुद्रित झाली, बाजारात आली दोन. 'फ्रँकी' आणि 'नोबडीज डर्टी बिझनेस', ओके ८५६० या एकाच तबकडीच्या दोन बाजू. बाकी सहा कधी बाहेर आलीच नाहीत. मग रॉकवेलने न्यूयॉर्कला बोलावलं. तिथे २१ आणि २८ डिसेंबरला मुद्रण झालं. आज आपल्याला त्या वर्षाची तेरा गाणी ऐकायला मिळतात: मेम्फिसची दोन, न्यूयॉर्कची अकरा.

नावामागचं 'मिसिसिपी' कंपनीने चिकटवलेलं आहे, विक्री वाढावी म्हणून. गावात तो नुसता जॉन हर्ट.

खोलीतली परिस्थितीही समजून घ्या. तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास जागा. मायक्रोफोन थेट तोंडासमोर आणि डोकं हलवायचं नाही. मान कित्येक दिवस दुखत होती असं हर्टने पुढे सांगितलं आहे. नाचाच्या वेळी हेच गाणं तो लोक थकेपर्यंत लांबवायचा. तबकडीवर मात्र कडवी कापून तीन मिनिटांत बसवावी लागली. १९२८ च्या गाण्यांत जो आटोपशीरपणा दिसतो, त्यातला बराचसा या मर्यादेतून आला आहे.

पुढच्याच वर्षी मंदी आली. तबकड्यांचा धंदा बसला, ओकेचं बोलावणं पुन्हा आलं नाही.

सहा_तारा
माझा प्रश्न वादनाचा. हर्टचं 'लुई कॉलिन्स' हे गाणं बसवताना अंगठा आणि बोटं वेगळी सुटत नाहीत. सूर ठोक्याबाहेर गेला की अंगठाही त्याच्याबरोबर जातो. टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते दाखवणारी छापील लिपी) बघून एकेक सूर बरोबर येतो, पण गाणं चालत नाही.

चिमटा_आणि_खर्ज
हा सगळ्यांनाच येणारा अडथळा आहे आणि त्याचं कारण बहुतेकदा टॅबच असतो. टॅबमध्ये अंगठा आणि सूर एकाच ओळीत छापलेले असतात, त्यामुळे डोळा दोन्ही मिळून एकच साचा म्हणून वाचतो. हर्टचा अंगठा स्वतंत्र आहे. तो नाचणाऱ्यांच्या पायांसाठी चालतो, सूर गाण्यासाठी. क्रमाने असं करा.

सी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांची पकड) धरा. तारा बारीक बाजूकडून मोजतो, म्हणजे सहावी सर्वांत जाड. उजव्या हाताचा फक्त अंगठा. पहिल्या मात्रेला पाचवी तार, दुसरीला चौथी, तिसरीला सहावी, चौथीला पुन्हा चौथी. तिसऱ्या मात्रेसाठी डाव्या हाताची अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून (फ्रेट म्हणजे मानेवरच्या पट्ट्यांमधलं घर) सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्यायची आणि लगेच परत आणायची. गोची इथेच होते. अनामिका उचलली की पाचवी तार मोकळी राहते आणि अंगठा चुकून तिला लागला तर ए वाजून सगळा सी बिघडतो. म्हणून सहावी छेडल्यावर अंगठा पाचवीवर टेकवायचा नाही, हवेतून थेट चौथीवर आणायचा. मेट्रोनोम (ठोका देणारं यंत्र) साठवर ठेवून, शेजारच्याशी बोलता बोलताही हे चालू राहील इतकं मुरवा.

मग एफ. इथे पूर्ण बार कॉर्ड (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून घेतलेली) घेऊ नका. सहाव्या तारेचा पहिला फ्रेट डाव्या अंगठ्याने वरून दाबायचा, तर्जनी पहिल्या दोन तारांवर, मधलं बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका चौथीच्या तिसऱ्यावर. खर्ज (अंगठ्याने वाजणारे जाड तारांचे सूर) सहावी-चौथी-सहावी-चौथी. अशी पकड घेतली की करंगळी सुरांसाठी मोकळी राहते. बारमध्ये ती अडकते. हात लहान असेल आणि अंगठा पोचत नसेल, तर तात्पुरती चौथी-तिसरी तार वाजवा. खर्ज पातळ होईल, पण चाल मोडणार नाही.

अंगठा पक्का झाल्यावर आधी फक्त ठोक्यावर येणारे सूर घ्या, म्हणजे अंगठा आणि बोट एकदम, ज्याला आपण पिंच म्हणतो. पहिली तार मधल्या बोटाने, दुसरी तर्जनीने. ते जमलं की एकच सूर, फक्त एकच, अर्धी मात्रा पुढे सरकवा आणि तेवढाच भाग फिरवत राहा. दोन सूर एकदम सरकवले की अंगठा हमखास अडखळतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं: गाणं आधी गळ्यात हवं. हर्टची गिटार बहुतेक वेळा त्याच्या आवाजाबरोबरच चालते. काही ठिकाणी तो ओळ अर्धीच गातो आणि उरलेली गिटारवर पुरी करतो. चाल तोंडात नसेल तर बोटांना काय पुरं करायचं तेच कळत नाही.

काळी_माती
वादनाचं उत्तम. एक मतभेद नोंदवतो, धागाकर्त्याशी नाही, बाहेरच्या सर्वसाधारण समजाशी. हर्टला सर्रास 'डेल्टा ब्लूज'मध्ये टाकतात. ते मला पटत नाही.

डेल्टाचे गायक-वादक चार्ली पॅटन किंवा सन हाउस ऐका. गिटार आपटल्यासारखी वाजते, तार ओढली जाते, आवाज घशातून फाडून येतो, एकाच सुरावर तंद्री लागते. हर्टमध्ये यातलं काहीही नाही. आवाज बोलण्याइतकाच, खर्ज आळीपाळीने, चाल रॅगटाइमच्या (ठोका सोडून येणाऱ्या सुरांचं जुनं नाचाचं संगीत) अंगाची. नकाशावर ॲव्हॅलॉन डेल्टाच्या कडेला आहे, एवढाच संबंध.

ईस्ट कोस्टच्या पीडमॉन्ट शैलीशी त्याचं साम्य सांगतात, पण तो त्या भागात राहिलेला नाही. माझ्या मते तो ब्लूज हा शब्द रूढ होण्याच्या आधीच्या पिढीतला, तिकडे ज्यांना साँगस्टर, म्हणजे सगळ्या प्रकारची गाणी गाणारे, म्हणत त्यांच्यातला आहे. तेरा गाण्यांची यादीच बघा. 'फ्रँकी', 'स्टॅक ओ'ली', 'लुई कॉलिन्स' हे खुनांवरचे पोवाडेवजा कथागीत प्रकार. 'ब्लेस्ड बी द नेम' आणि 'प्रेइंग ऑन द ओल्ड कॅम्प ग्राउंड' ही चर्चची भजनं. 'स्पाइक ड्रायव्हर' हे मजुरांचं गाणं. रूढ अर्थाने ब्लूज म्हणावीत अशी गाणी या यादीत निम्म्याच्या आसपासच निघतील.

'स्पाइक ड्रायव्हर'बद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते मला त्याच्या गाण्यांत सगळ्यात मोठं वाटतं. जॉन हेन्री हा यंत्राशी पैज लावून, ती जिंकून, हातात हातोडा घेऊन मेलेला मजूर. त्याच्यावर शेकडो गाणी आहेत आणि बहुतेकांत त्याच्या मरणाचा गौरव आहे. हर्टच्या गाण्यातला मजूर म्हणतो, हा हातोडा मुकादमाकडे नेऊन द्या, त्याला सांगा मी गेलो. या हातोड्याने जॉन हेन्रीला मारलं, मला मारणार नाही. तो काम टाकून चालायला लागतो. आवाज जराही चढत नाही. जिथे शेतमालकाचं काम टाकून जाणं काळ्या माणसाच्या जिवावर बेतू शकत होतं, तिथे हे गाणं इतक्या शांतपणे गायलं जात होतं.

चिमटा_आणि_खर्ज
+१. आणि वादनाच्या बाजूने पाहिलं तर ते गाणं जवळजवळ सगळं एका जी कॉर्डवर आहे. अंगठा सहावी-चौथी, सहावी-चौथी, थांबणं नाही. वर पहिल्या दोन तारांवर चार-पाच सुरांची हालचाल. जी धरताना पहिल्या तारेचा तिसरा फ्रेट करंगळीने घ्या, म्हणजे तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटसाठी मोकळी राहते. अनेक जण 'कंटाळवाणं होतं' म्हणून मध्ये सी आणि डी घालतात. घालू नका. कॉर्ड बदलली की चालणाऱ्या माणसाची चाल तुटते.

सहा_तारा
सी कॉर्डवर खर्ज आता चालतोय, पाचवी तार लागणं थांबलं. पुढचा प्रश्न: 'फ्रँकी' मूळ मुद्रणाबरोबर वाजवायला गेलं की सूर जुळत नाही. कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबणारा चिमटा) कुठे लावायचा?

तबकडी_७८
'फ्रँकी' साध्या ट्यूनिंगमध्ये नाहीच. ते ओपन जीमध्ये (मोकळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड वाजते अशी जुळवणी) आहे, ज्याला तिकडचे जुने लोक स्पॅनिश म्हणायचे. सहावी ई वरून डी, पाचवी ए वरून जी, पहिली ई वरून डी. चौथी, तिसरी, दुसरी तशाच. तारा जाड बाजूकडून डी-जी-डी-जी-बी-डी.

इथे पाया, म्हणजे कॉर्डचा मूळ सूर, पाचव्या तारेवर आहे, सहाव्या नाही. सवयीने अंगठा सहावीवर जातो आणि डी वाजतो, मग सगळं गाणं लटकल्यासारखं वाटतं. खर्ज पाचवी-चौथी असा धरा.

तारा उतरवल्या की गिटारच्या मानेवरचा ताण कमी होतो आणि न हलवलेल्या तारा किंचित चढतात. म्हणून तीन तारा उतरवून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सहाही तपासा, दोन फेऱ्या. बारीक .०१० च्या (पहिल्या तारेची इंचातली जाडी) तारांवर सहावी डीला फडफडते. .०१२ चा संच किमान हवा.

कॅपोबद्दल: ७८ च्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनीच मुद्रित झाल्या असं समजू नका. यंत्रायंत्रात फरक असायचा आणि नंतर सीडीवर घेताना ज्याने त्याने आपापल्या अंदाजाने वेग ठरवला. एकाच गाण्याच्या दोन प्रतींत अर्ध्या सुराचा फरक सापडतो. त्यामुळे गिटार मुद्रणाला जुळवण्यापेक्षा संगणकावर मुद्रणाचा सूर गिटारला जुळवून घ्या.

खर्जतार
'पे डे'साठी ओपन डी लागतं, तेही इथेच नोंदवून ठेवतो. सहावी डी, तिसरी जी वरून एफ शार्प, दुसरी बी वरून ए, पहिली डी. पाचवी आणि चौथी तशाच. इथे पाया सहाव्या तारेवर असतो, म्हणून ओपन जी आणि ओपन डी एकाच बैठकीत शिकू नयेत. अंगठ्याचा गोंधळ होतो.

'कँडी मॅन' साध्या ट्यूनिंगमध्ये, ए पोझिशनला. त्यात डी घेताना सहाव्या तारेचा दुसरा फ्रेट डाव्या अंगठ्याने दाबून एफ शार्पचा खर्ज घ्या. तो नसला तर गाण्याचा मजाच जातो.

वाचनमात्र_नाही
१९६३ च्या शोधाबद्दल कोणी नीट लिहील का? जुन्या नकाशावरून त्याचं गाव सापडलं, ही गोष्ट खरी आहे का?

काळी_माती
खरी आहे. १९५२ मध्ये फोकवेज या कंपनीने हॅरी स्मिथने निवडलेला तो प्रसिद्ध चौऱ्याऐंशी गाण्यांचा संग्रह काढला. त्यात हर्टची दोन गाणी होती, 'फ्रँकी' आणि 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज'. शहरातल्या तरुण गोऱ्या वादकांनी ती पाठ केली. माणूस मेला असणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

मग वॉशिंग्टनमधले संग्राहक डिक स्पॉट्सवुड यांच्याकडे 'ॲव्हॅलॉन ब्लूज'ची टेप आली, तीही ऑस्ट्रेलियातल्या एका संग्राहकाकडून. त्यात हर्ट ॲव्हॅलॉन हे आपलं गाव असल्याचं गातो. चालू नकाशात ॲव्हॅलॉन नव्हतं. एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या नकाशांच्या पुस्तकात सापडलं. स्पॉट्सवुडचा मित्र टॉम हॉस्किन्स मिसिसिपीला गेला, ॲव्हॅलॉनच्या दुकानात विचारलं आणि त्यांनी सरळ घराचा रस्ता सांगितला. शोध म्हणतात तो एवढाच. गावात कोणालाही विचारलं असतं तरी पत्ता मिळाला असता. पस्तीस वर्षांत विचारायला कोणी गेलंच नव्हतं.

हर्टला वाटलं की हा सरकारी माणूस आहे आणि आपल्याला पकडायला आलाय. १९६३ च्या मिसिसिपीत अनोळखी गोरा माणूस दारात आला तर दुसरं काय वाटणार? नागरी हक्कांची चळवळ तिथेच, ग्रीनवुडच्या परिसरात, ऐन भरात होती. तेव्हा त्याच्याकडे स्वतःची गिटारही नव्हती. हॉस्किन्सच्या गिटारवर त्याने वाजवून दाखवलं.

पुढचं वेगाने घडलं. जुलै १९६३ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी मुद्रण आणि त्याच महिन्यात न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हल. वय सत्तर. मग जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमात हजेरी आणि वॉशिंग्टनच्या 'ओंटारिओ प्लेस' या कॉफीहाउसमध्ये नियमित मैफली.

तबकडी_७८
व्यवहाराची बाजूही लिहायला हवी, कारण सुखान्त कथेत ती गाळली जाते. हर्टचा करार झाला तो हॉस्किन्स, स्पॉट्सवुड आणि एड डेन्सन यांच्या म्युझिक रिसर्च या कंपनीशी. सुरुवातीच्या दोन एलपी पीडमॉन्ट या छोट्या लेबलवर निघाल्या, नंतरचं काम व्हॅनगार्डकडे गेलं. मुद्रणांच्या हक्कांवरून वाद झाले आणि ते हर्टच्या मृत्यूनंतर कोर्टात रेंगाळले. तरी त्या तीन वर्षांत त्याने आयुष्यात प्रथमच वादनातून पोट भरलं, हेही खरं.

गिटारबद्दल: न्यूपोर्टच्या संस्थेने त्याला एक गिटार घेऊन द्यायचं ठरवलं. न्यूयॉर्कच्या दुकानात हवी ती निवड म्हटल्यावर त्याने महागडी मार्टिन न घेता गिल्ड एफ-३० घेतली. लहान अंगाची गिटार. अशा गिटारमध्ये खर्ज पसरत नाही, प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो आणि मांडीवरही नीट बसते. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या मोठ्या अंगाच्या ड्रेडनॉट गिटारवर हर्ट वाजवताना खर्ज सुरांना झाकतो. त्यावर उपाय म्हणजे अंगठ्याचा जोर निम्म्यावर आणा आणि हात साउंडहोलकडून (गिटारच्या भोकाकडून) जरा ब्रिजकडे (तारा अडकवलेल्या पट्टीकडे) सरकवा.

चिमटा_आणि_खर्ज
हाताचा विषय निघालाच आहे तर लोकगायक पीट सीगरच्या 'रेनबो क्वेस्ट' या टीव्ही मालिकेतला हर्टचा भाग जरूर बघा. आवाज बंद करून फक्त उजवा हात बघा. अनामिका आणि करंगळी गिटारच्या पृष्ठभागावर टेकलेली आहेत, मनगट जवळजवळ स्थिर. अंगठा, तर्जनी, मधलं बोट एवढंच काम करतंय आणि बोटांची हालचाल इतकी थोडी की सूर येतोय कुठून असं वाटावं. मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकाप्रमाणे तळहाताने खर्ज दाबून ठप्प करायची त्याची पद्धत नाही. खर्ज बराचसा मोकळा वाजतो, फक्त हलका. जोर लावून वाजवणाऱ्यांची पहिली चूक इथे होते आणि मग वेग वाढत नाही, कारण जोरात मारलेलं बोट परत जागेवर यायला उशीर होतो.

वाचनमात्र_नाही
ऐकायला सुरुवात कुठून करावी? १९२८ ची मुद्रणं खरखरीत वाटतात.

खर्जतार
खरखर असली तरी आधी तीच ऐका. तेरा गाणी, चाळीसेक मिनिटांचं काम. त्यात तो पस्तिशीचा आहे, वेग चांगलाच आहे, 'फ्रँकी' आणि 'स्टॅक ओ'ली' तर धावतात. त्यावर नाचता येतं. नंतर 'टुडे!' हा १९६६ चा व्हॅनगार्डचा एलपी. मुद्रण स्वच्छ, वेग उतरलेला, आवाज खाली आलेला. 'लुई कॉलिन्स', 'कँडी मॅन', 'स्पाइक ड्रायव्हर' ही तिन्ही दोन्हीकडे असल्यामुळे शेजारी शेजारी ठेवून ऐकता येतात. फक्त साठच्या दशकातली मुद्रणं ऐकणाऱ्यांचा समज होतो की हर्ट म्हणजे आजोबांचं अंगाईगीत. १९२८ चा हर्ट तसा मुळीच नाही.

'टुडे!'मधल्या 'कॉफी ब्लूज'मधला एक शब्दप्रयोग उचलून जॉन सेबॅस्टियनच्या बँडने 'लव्हिंग स्पूनफुल' हे नाव घेतलं, हे अनेकांना माहीत असेल.

काळी_माती
त्याचं ॲव्हॅलॉनचं घर नातीने संग्रहालय म्हणून जपलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते आगीत भस्मसात झालं. गावाजवळच्या सेंट जेम्स दफनभूमीत त्याची कबर आहे.

सहा_तारा
ओपन जी लावून पाहिलं, पाचवी-चौथी धरल्यावर 'फ्रँकी' उभी राहिली. पण वेग साठ टक्क्यांच्या वर गेला की मधलं बोट मागे पडतं.

चिमटा_आणि_खर्ज
दोन गोष्टी तपासा. अनामिका आणि करंगळी टेकवताना दाबताय का? दाबलीत तर मधलं बोट ताठरतं, कारण अनामिकेचा आणि त्याचा स्नायू जोडीने ओढला जातो. नुसता स्पर्श पुरे. दुसरं, पहिल्या तारेवर लागोपाठ दोन सूर येतात तिथे दोन्ही छेडू नका, जमेल तिथे दुसरा डाव्या हाताने हॅमर-ऑन करून, म्हणजे वाजत्या तारेवर बोट आपटून, काढा. उजव्या हाताचं काम तिथल्या तिथे निम्मं होतं. वेग पाच-पाच टक्क्यांनी वाढवा आणि अंगठा डळमळला की लगेच मागच्या वेगाला या.